वाळूखालचे धन कोणाचे?

(प्रसारित भाषणाचा मजकूर)

सोनाराच्या पेढीसमोरची धूळ झाडून नेणारा झारेकरी आता शहरांतून विरळ होत चालला आहे. उंबऱ्यातली माती, भट्टीची राख, मोरीतला गाळ हे सारे तो टोपलीत भरून नेई, पाण्यात धुई, आणि हलके ते वाहून गेल्यावर तळाशी राहिलेला सोन्याचांदीचा कण वेचून घेई. गुजरातेत याच माणसाला धूळधोया म्हणतात. सुरत हे तर चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा चढवून जर तयार करणाऱ्या कारागिरांचे शहर. तेथे धुळीकडे तुच्छतेने पाहण्याची रीत कधीच नव्हती. परंतु या झारेकऱ्याच्या व्यवसायातील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती धूळ तो फुकट उचलून नेत नसे. पुष्कळदा सोनाराला तिचे मोल देऊन, निदान त्याला विचारून मगच तो आपला झाडू चालवी. धूळसुद्धा कोणाची तरी असते, हे त्याला ठाऊक होते.

या झारेकऱ्याचा एक नवा भाऊबंद अलीकडे समुद्रकिनाऱ्यांवर दिसू लागला आहे. त्याच्या हाती झाडू नसतो. लांब दांड्याच्या टोकाला बसविलेली एक वाटोळी चकती असते आणि कानांवर हेडफोन असतो. वाळूवरून चकती फिरवीत तो सावकाश चालतो, मध्येच थबकतो, वाकतो आणि उकरू लागतो. धातुशोधनाचा हा छंद परदेशांत जुना आहे. आपल्याकडे तो नवा असल्यामुळे त्याचे नियम, त्याच्या मर्यादा आणि त्याचा धर्म यांची पुरेशी चर्चा झालेली नाही.

सुरतेतील गोडादरा हा भाग पाहा. उधना आणि लिंबायत यांच्या पलीकडे वसलेल्या या वस्तीत जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. घरात मराठी किंवा अहिराणी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी असा त्यांचा भाषाव्यवहार. येथील एखादा तरुण सहा दिवस यंत्रमागावर किंवा साड्यांच्या बाजारात राबतो. कोठेतरी चित्रफीत पाहतो, तीत दूरदेशीचा कोणी गृहस्थ किनाऱ्यावरून सोन्याची नाणी काढीत असतो. तरुण पैसे साठवतो, यंत्र मागवितो, आणि सुटीच्या दिवशी शहर ओलांडून नैर्ऋत्येला सुमारे वीस किलोमीटरांवर असलेल्या डुमसच्या किनाऱ्यावर जाऊन उभा राहतो. त्याच्यापुढे आता दोन प्रश्न असतात. पहिला प्रश्न असा, की हे यंत्र चालवावयाचे कसे? दुसरा प्रश्न, जे सापडेल ते कोणाचे? पहिल्याचे उत्तर यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत थोडेफार असते. दुसऱ्याचे तेथे नसते.

प्रथम यंत्राविषयी. धातुशोधकाच्या चकतीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. तारेतून वीज सारखी दिशा बदलीत वाहते आणि चकतीभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली म्हणजे तिच्या अंगात विजेचे बारीक भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांचे स्वतःचे एक क्षीण क्षेत्र असते. यंत्र तेच ओळखते आणि कानात आवाज देते. म्हणजे हे यंत्र सोने पाहत नाही, नाणे पाहत नाही. विजेला आपल्या अंगातून वाट देणारे काहीतरी जवळ आहे, एवढेच ते सांगते. साधारण नाण्याएवढी वस्तू एक वीतभर खोल असेल तोवर ते तिची दखल घेते. त्याहून फार खोलचे बहुधा त्याच्या आवाक्याबाहेरचे समजावे.

या यंत्राच्या इतिहासातील एक प्रसंग नवशिक्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. ती शरीरात कोठे अडकली आहे हे कळेना. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावर एक उपकरण सिद्ध करून रुग्णाच्या शरीरावरून फिरविले. उपकरण सदोष नव्हते. परंतु अंथरुणाखालच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि उपचार करणाऱ्या मुख्य डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तो शरीराच्या उजव्या बाजूला. गोळी डाव्या बाजूला होती. १९ सप्टेंबरला अध्यक्षांचा अंत झाला. यंत्र बरोबर असूनही विचारणाऱ्याने चुकीच्या जागी विचारले, तर उत्तर मिळत नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी १९४१ मध्ये सुरुंग शोधणारे हातयंत्र तयार केले आणि १९४२ मधील एल अलामेनच्या लढाईत त्याचा उपयोग झाला. आज किनाऱ्यावर करमणुकीसाठी फिरणारे यंत्र हे माणसांचे प्राण वाचविण्यासाठी घडलेल्या त्या यंत्राच्याच कुळातले आहे.

आता किनाऱ्याविषयी. डुमसची वाळू काळी आहे. लोक तिच्याविषयी भुताखेतांच्या कथा सांगतात. वस्तुतः तिचे कारण भूशास्त्रात आहे. तापी नदी खानदेशातून वाहत येते. तिच्या पाणलोटातील काळा कातळ झिजतो, आणि त्याचे कण वाहत वाहत समुद्राला मिळतात. या कणांत लोहाची चुंबकीय खनिजे असतात. साधा लोहचुंबक अशा वाळूत फिरविला तर त्याला काळ्या कणांची दाढी फुटते. भुसावळहून रेल्वेने उधन्यास आलेल्या माणसाने हे समजून घ्यावे, की त्याच्या गावच्या डोंगरांची मातीही त्याच्या कितीतरी आधी याच दिशेने प्रवास करून आलेली आहे.

परंतु नवशिक्याला ही काळी वाळू फार छळते. लोहकणांमुळे यंत्र उगाचच बोलू लागते. त्यात ओल्या वाळूतील खारे पाणीही विजेला वाट देते, म्हणून पाण्याच्या कडेला गेले की धातू नसतानाही आवाज येत राहतो. यास्तव आरंभ करावयाचा तो भरतीच्या रेषेच्या वरील कोरड्या वाळूत. यंत्राला जमिनीशी जुळवून घेण्याची सोय असते. तिचा उपयोग जागा बदलताच पुन्हा करावा. यंत्राची संवेदनशीलता कमी ठेवावी. थोडे कमी खोल ऐकू आले तरी चालेल, पण खोटे आवाज नकोत. ओल्या, काळ्या वाळूत काम करण्यासाठी विजेचे ठोके देऊन, मध्ये थांबून उत्तर ऐकणारी यंत्रे अधिक योग्य असतात. मात्र लोखंड कोणते आणि सोने कोणते यांचा भेद त्यांना फारसा करता येत नाही.

किनाऱ्यावर जाण्यापूर्वी घराच्या अंगणात किंवा मोकळ्या जागेत सराव करावा, हे उत्तम. एक खिळा, एक नाणे, बाटलीचे एक बूच, औषधाच्या गोळ्यांचा रिकामा पत्रा आणि घरातली एक अंगठी दोऱ्याला बांधून निरनिराळ्या खोलीवर पुरावी आणि प्रत्येकीचा आवाज कानांत बसेपर्यंत चकती फिरवावी. चकती जमिनीला समांतर, अगदी लगत आणि सावकाश न्यावी. झोपाळ्यासारखी दोन्ही टोकांना उचलू नये. पहिल्या पट्ट्यावर दुसरा पट्टा थोडा चढला पाहिजे, जसे शेत नांगरताना तास सुटू देत नाहीत तसे. आवाज आला की काटकोनात पुन्हा फिरून नेमकी जागा ठरवावी, खुरप्याने वाळू काढावी, चाळणीत घ्यावी, आणि वस्तू मिळाली वा न मिळाली तरी खड्डा बुजवावा. उघडा राहिलेला खड्डा संध्याकाळी धावणाऱ्या मुलाचा पाय मोडू शकतो. हातमोजे घालावेत, कारण वाळूत काचा आणि गंजके खिळे पुष्कळ असतात. जड, नळकांड्यासारखी, संशयास्पद वस्तू दिसली तर तिला हात न लावता पोलिसांस कळवावे.

समुद्राचे वेळापत्रकही शिकावे लागते. ओहोटी लागल्यावर दोनतीन तास मोकळी वाळू मिळते. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटांनी उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी फार दूर जाते आणि तितकेच वेगाने परतते. अष्टमीच्या सुमारास भांग असते. खंबायतच्या आखातातील भरती-ओहोटी देशातील सर्वांत मोठ्यांपैकी आहे, आणि डुमसचे हे पाणी त्याच आखाताच्या मुखाशी आहे. कानांत हेडफोन आणि नजर वाळूवर असलेल्या माणसाला मागून येणारे पाणी दिसत नाही व ऐकूही येत नाही. चिखलात पाय रुतला तर यंत्र टाकून द्यावे, पण एकट्याने पुढे जाऊ नये. सोबतीला एक माणूस कोरड्या जागी उभा असावा, हा या छंदातील पहिला नियम मानला पाहिजे.

एवढे करून सापडते काय? बहुधा बाटल्यांची बुचे, डब्यांच्या कड्या, अन्नाच्या पुड्यांचा चकचकीत पत्रा, खिळे आणि तारा. नंतर नाणी. आता चलनात असलेली अनेक नाणी लोहयुक्त पोलादाची असल्याने ती चुंबकाला चिकटतात. जुनी तांबे-निकेलची चिकटत नाहीत. ॲल्युमिनियमचे पाच-दहा पैसे सापडले तर त्यांना समुद्राने कुरतडलेले असते. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून व्यवहारातून बाद झाली आहेत. ती आता केवळ आठवण म्हणून ठेवावयाची. सोन्याची बारीक अंगठी मात्र फसवी असते. तिचा आवाज पुष्कळ यंत्रांत चकचकीत पत्र्याच्या आवाजासारखाच येतो. पत्र्याचा कंटाळा करून तो आवाज टाळणारा मनुष्य सोनेही टाळीत असतो. म्हणून नवशिक्याने प्रत्येक आवाज उकरून पाहावा. कचरा निघाला तर तो पिशवीत घालून बाहेर न्यावा. निदान किनारा तरी स्वच्छ होईल.

येथपर्यंत यंत्राचा विषय संपला. आता दुसरा प्रश्न, आणि तोच महत्त्वाचा. समजा, खरोखरच अंगठी सापडली. ती कोणाची? किनाऱ्यावर जे सापडते त्याचे तीन प्रकार करता येतील. काही वस्तू हरवलेल्या असतात, काही समुद्राला दिलेल्या असतात, आणि काही फार पूर्वी पुरलेल्या वा बुडालेल्या असतात. तिघींचा धर्म निराळा आहे.

हरवलेल्या वस्तूचा मालक बहुधा जिवंत असतो, आणि पुष्कळदा तो सापडविणाऱ्यासारखाच कष्टकरी असतो. हप्त्याहप्त्याने घेतलेली अंगठी, लग्नातले डोरले, मुलीच्या पायातले पैंजण. लाटांत खेळताना निसटले आणि घरी जाऊन दोन दिवस चूल पेटली नाही, असे घर सुरतेतही असेल आणि अलिबागेतही. १८६० च्या दंडसंहितेत या विषयावर दोन बोलके दृष्टांत दिलेले होते. रस्त्यावर एक रुपया सापडला, तो कोणाचा हे ठाऊक नाही, आणि कोणी तो उचलला, तर तेवढ्याने गुन्हा होत नाही. परंतु मौल्यवान अंगठी सापडली, आणि मालक शोधण्याचा काहीही प्रयत्न न करता ती लगेच विकून टाकली, तर तो गुन्हा होय. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमात हेच तत्त्व कायम आहे, आणि अशा अपहारासाठी किमान सहा महिने व कमाल दोन वर्षे कैद आणि दंड सांगितला आहे. दुसऱ्या बाजूने १८७२ च्या करार कायद्याने सापडविणाऱ्यालाही वाऱ्यावर सोडलेले नाही. वस्तू सांभाळण्याची आणि मालक शोधण्याची तसदी व खर्च यांची भरपाई मिळेपर्यंत ती आपल्यापाशी ठेवण्याची त्याला मुभा आहे, आणि मालकाने बक्षीस जाहीर केले असेल तर ते मागण्याचाही त्याला अधिकार आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो चोर नव्हे आणि धनीही नव्हे. तो राखणदार आहे. अंगठीच्या आत कोरलेली अक्षरे वाचावीत, जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करावी, किनाऱ्यावरच्या भजीवाल्याला आणि चहावाल्याला सांगून ठेवावे. हरवलेल्याचा शोध घेणारा मनुष्य प्रथम त्यांच्याकडेच येतो. मात्र सर्व खुणा सांगू नयेत. एक खूण आपल्यापाशी ठेवावी, म्हणजे खरा मालक कोण ते ओळखता येते.

दुसरा प्रकार समुद्राला दिलेल्या वस्तूंचा. डुमसच्या किनाऱ्याचा स्मशान म्हणून उपयोग होत आला आहे. याच परिसराच्या सागरात गणरायांचे विसर्जन होते. कोणी अस्थी सोडतो, कोणी नारळाबरोबर नाणे सोडतो, कोणी मृताच्या अंगावरचा तांब्याचा ताईत. या वस्तूंचा मालक त्या परत मागावयास येणार नाही. तरीही त्या बेवारस नव्हेत, कारण त्या विसरलेल्या नसून अर्पण केलेल्या आहेत. येथे कायदा फारसे बोलत नाही. माणसाची रीतभात बोलते. स्मशानाच्या आसपास आणि विसर्जनानंतरच्या दिवसांत यंत्र बंद ठेवणे एवढी मर्यादा कोणत्याही धर्माच्या माणसाला समजण्यासारखी आहे.

तिसरा प्रकार जुन्या ठेव्याचा. या बाबतीत सुरतेइतके मोहाचे ठिकाण विरळा. मोगलांच्या काळी येथे टांकसाळ होती. तापीच्या मुखातील गाळामुळे मोठी जहाजे शहरापर्यंत येत नसत. ती उत्तरेला सुवालीच्या खोल पाण्यात नांगर टाकीत. तेथेच १६१२ च्या नोव्हेंबरात इंग्रज व पोर्तुगीज जहाजांची झुंज झाली, आणि तेथेच १६१५ मध्ये सर टॉमस रो उतरला. १६६४ आणि १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांनी हे शहर हादरले. तेव्हा सुवालीच्या वाळूत एखादे जुने नाणे मिळणे अशक्य नाही. मिळाले तर काय करावे?

१८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडले, तर त्याचे वर्णन, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळविली पाहिजे, आणि ते धन सरकारी खजिन्यात जमा केले पाहिजे किंवा त्याबद्दल जामीन दिला पाहिजे. १८७८ साली दहा रुपये म्हणजे तोळ्याची दहा रुपेरी नाणी. आज दहा रुपयांत चहा येतो. रुपयाचे मोल घटले, परंतु कायद्यातील आकडा तेथेच राहिला. त्यामुळे त्या काळचा चांदीचा एक सुटा रुपयासुद्धा आज या मर्यादेच्या कितीतरी वर जातो. जाहिरात होते, दावे ऐकले जातात; धन बेवारस ठरले आणि जमिनीच्या मालकाचा हक्क सिद्ध झाला, तर दोघांत निराळा करार नसल्यास तीन चतुर्थांश भाग शोधणाऱ्याला व एक चतुर्थांश मालकाला मिळतो. सरकारने ते स्वतःकडे घ्यावयाचे ठरविले, तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक द्यावे लागते. लपवून ठेवणाऱ्याचा मात्र वाटा जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संरक्षित स्मारकांच्या जागी तर १९५८ च्या कायद्याने परवानगीवाचून खणताच येत नाही; सुरतेतील इंग्रज आणि डच लोकांच्या जुन्या थडग्यांच्या आवारात यंत्र घेऊन जाण्याचा विचारही करू नये.

काहींना वाटते, की ही सारी सरकारची अडवणूक आहे. तसे नाही. जुन्या नाण्याचे मोल त्याच्या धातूत थोडे आणि त्याच्या पत्त्यात फार असते. एकटे नाणे बाजारात गेले की ते शेकडो नाण्यांतील एक होते. तेच नाणे अमुक जागी, अमुक खोलीवर, अमुक वस्तूंच्या सोबत सापडले असे लिहून ठेवले, तर ते बुडालेल्या जहाजाची किंवा विसरलेल्या धक्क्याची साक्ष देते. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्यानंतर, १९९७ पासून हौशी शोधकांकडून अशा नोंदी गोळा करण्याची योजना सुरू झाली, आणि आजवर दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद तीत झाली आहे. त्यांतील पुष्कळ वस्तू शोधणाऱ्यांच्या घरीच राहिल्या. इतिहासाला हवी होती ती माहिती मात्र सर्वांची झाली. आपल्याकडे अशी योजना होईल तेव्हा होवो. वही ठेवण्यास कोणाची आडकाठी नाही. तारीख, जागा, खोली, वाळूचा रंग, सोबत काय निघाले, या पाच रकाने आखलेल्या वहीला यंत्राइतकेच महत्त्व आहे.

गोडादऱ्याच्या त्या तरुणाला पहिल्या दिवशी बुचे मिळतील, दुसऱ्या दिवशी खिळे मिळतील. कित्येक आठवड्यांनी एखादी अंगठी मिळेल, आणि तिच्या आत कोणाचे तरी नाव असेल. त्या वेळी ती विकून यंत्राची किंमत वसूल करण्याचा मोह त्याला होईल, कारण यंत्र घेताना त्याने पोटाला चिमटा घेतलेला असेल. हा मोह लहान नाही, आणि त्याच्याविषयी उंचावरून बोलणेही बरे नाही. परंतु ज्याने स्वतः घामाने पैसे जोडले, त्याला दुसऱ्याच्या घामाची वस्तू ओळखता येते. धातू कोठे आहे हे यंत्र सांगेल. तो कोणाचा आहे हे विचारण्याचे काम माणसाकडेच राहते, आणि जुन्या झारेकऱ्याने ते नीट ओळखले होते.